आरोग्याची शिक्षा

"साबुन तो रखती नहीं घर में. अब बैठ के रोती है."

नळाच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली. हळू म्हणाली, पण जिच्याबद्दल म्हणाली तिला ऐकू जाईल इतपतच हळू. समोरच्या घराचा पत्र्याचा दरवाजा अर्धा उघडा होता आणि आत कोणीतरी भांडी घासत होतं. घासण्याचा आवाज थांबला.

त्या दरवाजाबाहेर मी आणि माझी वर्गमैत्रीण तान्या उभ्या होतो. तान्याने ऐकलेलं लगेच लिहून घेतलं. कदम मॅडम थोड्या पुढे गेल्या होत्या. त्या वळून परत आल्या.

"क्या लिखा, तान्या?"

"मैम, इस घर में एक डेथ हुई है. छोटा बच्चा था, दस्त से गया. हाइजीन का इशू है."

"तुमको कैसे मालूम पड़ा?"

"सब बोल रहे हैं, मैम."

"सब बोल रहे हैं, तो वो एक जवाब हुआ. सबका मिला के एक. दूसरा किधर है?"

तान्याने पेनाला टोपण लावलं. मी आधीपासूनच गप्प होते. मॅडमनी पदर सारखा केला, त्या दरवाजाकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला पुढे चला म्हणून खूण केली. मला मराठीत म्हणाल्या, "आज नको. आज आपण तिच्या दारात थांबलो तर आपल्या मागून अख्खी गल्ली येऊन थांबेल."

ही फरीदाबादच्या कडेची वस्ती. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला उघडा नाला आणि मधल्या उतारावर घरांच्या दोन गल्ल्या, वरची आणि खालची. आम्ही दिल्लीतल्या एका कॉलेजात पब्लिक हेल्थच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आठवड्यातून एक दिवस इथे यायचो. खालच्या गल्लीत पावसाळ्यापासून जुलाबाची साथ होती. ती का आहे ते शोधायचं, हा आमचा वर्षाचा अभ्यास होता. तो कदम मॅडम घ्यायच्या.

हिंदीत कदम म्हणजे पाऊल. त्यामुळे आमच्या वर्गात त्यांच्यावर एकच विनोद होता आणि तो दरवर्षीच्या मुलांना नव्याने सुचायचा. "कदम मैम के साथ कदम मिलाना मुश्किल है, यार." ते खरंही होतं. पन्नाशी ओलांडलेली ही बारीक अंगाची बाई, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, असल्या वेशात उन्हातून अशी चालायची की मागून येणाऱ्या मुलांना धाप लागायची. मॅडमना तो विनोद माहीत होता. पहिल्याच तासाला त्या सांगून टाकायच्या, "जोक हो गया हो तो शुरू करें?"

माझं नाव ऋतुजा. घरी मी रुतुजा आणि घराबाहेर रितुजा. गाझियाबादच्या शाळेत पहिल्या दिवसापासून रितुजा होते आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. माझे आईबाबा पुण्याचे, बाबा आयटीत, आणि माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली. पहिल्या हजेरीला मॅडमनी "रुतुजा" असं म्हटलं तेव्हा मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण त्या वर्गात आई शिरली असं मला वाटलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "काय गं, तूच ना?" मी मान हलवली. "मान हजेरीत धरत नाहीत," त्या म्हणाल्या. वर्गाला काही कळलं नाही. मला कळलं आणि मी हळूच "हो" म्हणाले.

त्यांच्याबद्दल मला सलग असं थोडंच माहीत आहे. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. नवरा फौजेत. लग्न होऊन थेट दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा बारावी झालेली होती. पुढचं सगळं शिक्षण बदल्यांच्या मधून मधून. त्यांच्या प्रत्येक वस्तूवर नाव असायचं, छत्रीवर, डब्यावर, स्टीलच्या पेल्यावर. फौजी घरांतल्या बायकांची ती सवय असते, ट्रंका हरवतात म्हणून. आणि इतकी वर्षं उत्तरेत काढूनही त्यांची हिंदी साताऱ्याहून फारशी पुढे आली नव्हती.

त्या हिंदीची एक गोष्ट त्या दरवर्षी सांगायच्या. नव्याने कँटमध्ये आल्या होत्या तेव्हा ताप आला. डॉक्टर म्हणाले, ये गोली खाली पेट लेना. "मला पेट म्हणजे पोट एवढं माहीत झालं होतं. आणि खाली म्हणजे खाली. मी म्हटलं, इकडची पद्धत असेल. चार दिवस पोट खाली करून, पालथी पडून गोळी गिळत होते. ठसका लागायचा, पण घेतली. जेवल्यावर घेतली." मग ताप उतरेना म्हणून पुन्हा गेल्या, तर डॉक्टर ओरडले, समझ में नहीं आया था क्या? "आता समजलं नाही हे मला समजणार कसं?"

मला ही गोष्ट मराठीत सांगितली तेव्हा मी खूप हसले. वर्गात सांगताना त्या दोन्ही भाषा समजावून सांगायच्या, हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे नीचे, आणि मग वर्ग हसायचा. हसणं संपेपर्यंत त्या थांबायच्या. मग म्हणायच्या, "इसलिए किसी को समझ में आया क्या, ऐसा पूछना नहीं. पूछना, अब आप मेरेको बताओ, आप कैसे करोगे." आमच्या वर्गाला ही गोष्ट सांगितली त्या दिवशी आम्ही वस्तीत मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते सांगत फिरलो आणि प्रत्येक घरात शेवटी थांबून आयांकडून ते परत ऐकलं. निम्म्या आयांनी वेगळंच काही सांगितलं. दोष आमच्या सांगण्यात होता.

आमच्या विभागाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला काय काय यायला हवं, ते त्यावर सुरेख इंग्रजीत छापलेलं होतं. क्रिटिकल थिंकिंग, कल्चरल कॉम्पिटन्स, एव्हिडन्स, कम्युनिकेशन, असं बरंच. मी इंग्रजी शाळेतली, मला ते शब्द पाठ होते आणि परीक्षेत प्रत्येकावर अर्धं पान लिहिता यायचं. मॅडम तो तक्ता कधी वाचून दाखवायच्या नाहीत. एकदा मात्र बसची वाट बघत आम्ही तिथे उभे असताना त्यांनी छत्रीच्या टोकाने एकेक शब्द दाखवला. क्रिटिकल थिंकिंगपाशी म्हणाल्या, "ये मतलब, तुमको कैसे मालूम पड़ा." कल्चरल कॉम्पिटन्सपाशी म्हणाल्या, "ये मतलब, चप्पल किधर निकालने का." कम्युनिकेशनपाशी छत्री टेकवली आणि मग नुसतं माझ्याकडे बघितलं. बस आली, आणि मी सगळ्यांच्या आधी चढले.

वस्तीत पाण्याची बाटली बाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम होता. काय प्यायचं ते बसमध्ये पिऊन घ्या. "ती बाई तुम्हाला घरातलं पाणी देणार आणि तुम्ही तुमची बाटली काढणार. मग ती तुम्हाला पुढचं खरं कशाला सांगेल?" पण ते पाणी प्यायचं तरी कसं? साथ तर त्याच पाण्याची असावी अशी शंका होती. मॅडमचा उपाय साधा होता. कोणी पाणी पुढे केलं की त्या जमिनीवर बसकण मारायच्या आणि म्हणायच्या, "पानी नहीं, बहन. चाय पिलाओ."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला लाजेने कुठे बघावं ते कळेना. दुसऱ्याच्या घरी जाऊन चहा मागायचा? तोही अशा घरी? माझ्या आईने मला घरी परत येऊ दिलं नसतं. पण मॅडमच्या पिशवीत चहापत्ती, साखर आणि बिस्किटांचा पुडा असायचा. तो त्या सहज ओट्याशी ठेवून द्यायच्या, शेजारीण आल्यासारखा. मग बाई चहा करायला लागायची आणि मॅडम गप्पा मारत बघत बसायच्या. पाणी कशातून काढलं, वर झाकण होतं का, हात आत बुडला का. चहा उकळायचा, म्हणून पिता यायचा. आणि तो होईपर्यंत पाण्याचा नळापासून कपापर्यंतचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर होऊन जायचा. प्रश्न एकही नाही.

साबणाचंही तसंच. तान्या सुरुवातीला विचारायची, आप साबुन से हाथ धोते हैं? सगळ्या घरांतून हो यायचं. मॅडम म्हणाल्या, "ऐसा पूछेंगे तो मैं भी हाँ बोलूँगी. पूछो मत. तुम्हारे हाथ गंदे हैं, बोलो कि मेरेको हाथ धोने हैं." मग दिसायचं. कुठे ओल्या दगडावर झिजलेली वडी असायची. कुठे साबण वरच्या फळीवरून, पाहुण्यांच्या कपांमागून निघायचा, कोरडा ठणठणीत. कुठे निघायचाच नाही आणि बाई म्हणायची, अभी खतम हुआ.

हे काम मला जमलं. एकच वाक्य बोलायचं आणि बाकी बघायचं. मी खालची-वरची मिळून सगळी घरं केली. मॅडमना माझी टिपणं आवडायची. एकदा मी लिहिलं होतं, पाणी काढायला लांब दांड्याचा चमचा आहे. त्या म्हणाल्या, "ओगराळं म्हणतात गं त्याला." मला तो शब्द माहीत नव्हता. "म्हण बघू." मी म्हटलं, ओगराळं. "मोठ्याने." मी पुन्हा म्हटलं. रस्त्यावर आम्ही दोघीच होतो, तरी मला कसंतरी झालं. त्या हसल्या नाहीत. "तुझं सगळं बरोबर असतं, ऋतुजा. पण कागदावर असतं," एवढंच म्हणाल्या.

थंडी सुरू झाल्यावर मॅडम एके दिवशी आम्हा दोघींना खालच्या गल्लीतल्या त्या पत्र्याच्या दरवाजाच्या घरी घेऊन गेल्या. मधल्या काळात त्या एकट्याच तिथे दोनदा जाऊन बसून आल्या होत्या, हे मला नंतर समजलं.

बाईचं नाव मंजू. आमच्याहून थोडीच मोठी असेल. बाहेर खाटेवर तिची सासू बसली होती, सगळी गल्ली जिला अम्मा म्हणते ती. तिच्या मांडीवर मंजूची मोठी मुलगी मुनिया. गेलं ते धाकटं, मुलगा.

मॅडम म्हणाल्या, "बहन, हाथ धोने हैं."

मंजूने आतून साबण आणला. गुलाबी, नवा, एका बाजूचा कागद नुकताच फाडलेला. मी आत बघितलं. भिंतीतल्या कोनाड्यात तसेच आणखी साबण रचून ठेवले होते, न फोडलेले, देवापुढे ठेवावेत तसे नीट. मॅडमनी हात धुतले. मंजू तांब्याने पाणी घालत होती आणि घालता घालताच, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "तब नहीं था, मैडम. झूठ नहीं बोलूँगी. तब नहीं था."

मॅडमनी हात पदराला पुसले. म्हणाल्या, "चाय पिलाओगी?"

मंजूने दाराकडे बघितलं. अम्माने ऐकलं होतं. "इसके हाथ की पियोगी?" ती म्हणाली.

"हाँ अम्मा, इसी के हाथ की. आप भी लो आधा कप."

"हमको नहीं चाहिए."

मंजूने चहा केला. त्या घरात बाहेरच्या कोणी बऱ्याच दिवसांत काही घेतलं नसावं, कारण कप शोधायला तिला वेळ लागला. दोन कप मिळाले. मॅडमनी पिशवीतून नाव घातलेला आपला स्टीलचा पेला काढून पुढे केला. आम्ही चहा पीत असताना मंजू हळू आवाजात सांगत होती. मुनियाला आता अम्माच भरवतात. पाणीसुद्धा माझ्या हातून देऊ देत नाहीत. होळी झाली की हे मला गावी पोचवून येणार आहेत. मुनिया इथेच राहील. बाहेर मुनिया अम्माच्या मांडीवरून आत बघत होती. तिने एकदा उतरायचा प्रयत्न केला, तर अम्माने तिला पुन्हा ओढून घेतलं. अम्मा वाईट नव्हती. एक नातू गेला होता आणि ती उरलेल्या नातीला घट्ट धरून बसली होती, इतकंच दिसत होतं.

परतीच्या बसमध्ये तान्या म्हणाली, "मैम, तो लोग सच ही बोल रहे थे न. साबुन नहीं था."

"नहीं था. वो सच है," मॅडम म्हणाल्या. "पर उसी से हुआ क्या? वो कैसे मालूम पड़ेगा?"

मला माहीत होतं कसं कळेल ते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दिल्लीत मुनिरका भागात मी भाड्याने राहायचे त्या खोलीवर आल्यावर मी आमची सगळी घरं समोर घेतली. ज्यांच्याकडे ओला, वापरातला साबण दिसला होता ती एकीकडे, नव्हता ती दुसरीकडे. वरची गल्ली वेगळी, खालची वेगळी. मग कोणत्या घरात जुलाब झाले होते ते त्यावर टाकलं. खालच्या गल्लीत साबण असलेली आणि नसलेली घरं सारखीच आजारी होती. वरच्या गल्लीत साबण नसलेली घरंही बहुतेक बरी होती. फरक पाण्याचा होता. वरच्या गल्लीला पाणी मिळतं ते पाइप नाल्याला लागायच्या आधी. खालच्या गल्लीला येणारा पाइप नाल्यातून जातो.

दुसऱ्या दिवशी मी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, दोन जागी उलटसुलट विचारलं, एक घर मी चुकीच्या गल्लीत धरलं होतं ते दाखवलं. ते बदलूनही उत्तर तेच राहिलं.

"हे कोणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"मी वस्तीत राहत नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विभागात एक बॅनर येऊन पडलं. होळीच्या आधी वस्तीत कार्यक्रम करायचं ठरलं होतं, साबण वाटायचे, फोटो काढायचे. बॅनरवर मोठ्या अक्षरांत होतं, स्वास्थ्य शिक्षा शिविर. मॅडमनी ते उलगडून बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाचलंस? आरोग्याची शिक्षा."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हे मला शाळेपासून इतकं सवयीचं होतं की त्या शब्दाचा मराठी अर्थ माझ्या कानाला कधी टोचला नव्हता. त्या दिवशी टोचला. मॅडम आधी गमतीने म्हणाल्या होत्या, पण म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्या बॅनर हातात घेऊनच विभागप्रमुख सरांच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर होते.

सर म्हणत होते, "मैम, पाइप हमारे हाथ में नहीं है. साबुन है. साबुन देने में हर्ज क्या है?"

"कुछ हर्ज नहीं, सर. दीजिए. साबुन अच्छी चीज़ है."

"तो फिर?"

"पर हमारी रिपोर्ट बोलती है कि बीमारी पानी से आई लगती है. और हम साबुन का बोर्ड लगा के उधर खड़े रहेंगे, तो हमने क्या बोला? हमने बोला कि जिसका बच्चा गया उसी ने किया."

"ऐसा कौन सोचता है, मैम."

"पूरी गली सोचती है, सर. मैं उधर चाय पीती हूँ."

सर वाईट माणूस नव्हते. शेवटी ठरलं ते असं की साबण नंतर कधीतरी, बोर्डाशिवाय. आधी वस्तीतल्या लोकांना आमच्या अभ्यासात काय निघालं ते सांगायचं, कारण ते अभ्यासक्रमातच होतं. आणि ते विद्यार्थ्यांनी सांगायचं. मॅडम अशा सभांना कधीच बोलायच्या नाहीत. "मी बोलले की लोक मला विचारतात. तुम्हाला विचारू देत. तुम्ही मोजलंय." बॅनर त्यांनी घडी करून कपाटावर ठेवलं. बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसल्या, म्हणाल्या, "शिकवायला जातो आपण. शिक्षा करून यायला किती वेळ लागतो बघ." मग म्हणाल्या, "सभेत तू बोलणार?"

मी म्हटलं, तान्या चांगली बोलते.

"बोलते," त्या म्हणाल्या आणि उठल्या. आग्रह केला नाही. मला त्यांनी कधीच कशाचा आग्रह केला नाही, आणि त्याचंच मला जास्त ओझं वाटायचं.

मॅडम आता नाहीत. सभेनंतर लगेचच त्या रजेवर गेल्या. तब्येतीचं काही आहे एवढंच आम्हाला कळलं. उन्हाळ्यात त्या साताऱ्याला गेल्या आणि पावसाळा सरता सरता वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी काही टाकलं नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचा एकही फोटो नाही, कारण वस्तीत फोन बाहेर काढायची त्यांची मनाई होती. त्यामुळे त्यांना शेवटचं बघितलं ते मला डोळ्यांनीच आठवावं लागतं.

ते त्या सभेत. अंगणवाडीसमोरच्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरली होती. आमच्यासाठी कोणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मॅडमनी आपली खुर्ची एका म्हाताऱ्या माणसाला दिली आणि त्या मागे बायकांमध्ये जाऊन भिंतीला टेकून बसल्या, पांढरे बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवून. थोड्या वाळल्यासारख्या दिसत होत्या, पण फेब्रुवारीचं ऊन अंगावर होतं आणि मला तेव्हा काही वाटलं नाही. मंजू त्यांच्या जवळच बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. अम्मा पुढे, मुनियाला घेऊन. मंजूचा नवरा बाजूला सायकल धरून उभा.

तान्या छान बोलली. नकाशा काढला होता त्यावर तिने पाइप दाखवला, नाला दाखवला, वरची गल्ली आणि खालची गल्ली दाखवली. पाणी उकळायला सांगितलं, आणि नाल्यातून जाणारा पाइप बदलावा म्हणून अर्ज करायचा असेल तर आम्ही लिहायला मदत करू असंही सांगितलं. लोकांनी प्रश्न विचारले. एकजण म्हणाला, हम तो कब से कह रहे हैं. दोघंतिघं आपसात ठरवू लागले की अर्ज घेऊन कोण जाईल. सभा संपत आली आहे असं वाटलं.

तेवढ्यात अम्मा बसल्या जागेवरून म्हणाली, "वो सब ठीक है, बिटिया. पर साबुन तो ये नहीं रखती थी न?"

सगळं थांबलं. कोणी मंजूकडे वळून बघितलं नाही, पण सगळे तिच्याकडेच बघत होते. सायकल धरलेल्या नवऱ्याने मान खाली घातली. तान्याने नकाशाकडे बघितलं, नकाशात साबण नव्हता. मग तिने मागे मॅडमकडे बघितलं. मॅडम बोलतील असं मलाही वाटलं. त्यांनी बोलावं असं वाटलं. त्यांच्याएवढं कोणाला माहीत होतं?

मॅडम बोलल्या नाहीत. माझ्याकडेही बघितलं नाही. हातात स्टीलचा पेला होता. कोणीतरी त्यांना चहा दिला होता, आणि त्या पेल्यावर कोरलेल्या आपल्या नावावरून अंगठा फिरवत त्या खाली बघत बसल्या होत्या. हजेरीच्या वेळी उत्तर यायची वाट बघत बसायच्या तशाच. त्यांना घाई नव्हती. उत्तर येणारच आहे, वेळ लागला तर लागू दे, असं काहीतरी त्यांच्या बसण्यात होतं. त्या अशा बसलेल्या, हे माझ्याजवळ शेवटचं आहे.

मी उभी राहिले. तान्याने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं आणि नकाशा थोडा बाजूला घेतला. समोर अम्माचा चेहरा होता, तिच्या मांडीवर मुनियाचा. मुनिया तोंडात बोट घालून माझ्याकडे बघत होती. मागे मंजूची हनुवटी गुडघ्यांवरच होती. तिला मी काय सांगू शकत होते? तुझा मुलगा पाण्यानेच गेला, असं मला माहीत नव्हतं. तुझी काही चूक नाही, असंही मी म्हणू शकत नव्हते. तुला कसं कळलं, असं कोणी विचारलं असतं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. जेवढं मला माहीत होतं, तेवढंच होतं. ते एकच वाक्य होतं आणि ते मी इतके दिवस कागदावर ठेवलं होतं.

पहिल्यांदा बोलले ते पुढच्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. अम्मा म्हणाली, "ज़ोर से बोलो, बेटा."

मी ज़ोर से बोलले.

"अम्मा, जिन घरों में साबुन था, बीमारी उनमें भी उतनी ही थी."